दोन साक्षीदारांचा नियम



मी पंडित नाही. माझे शिक्षण रात्रशाळेत झाले आणि पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर. तेव्हा बातमी खरी कशावरून मानावी आणि तीत अन्याय कोणावर झाला हे कसे ओळखावे, याविषयी माझ्या ख्रिस्ती धर्माची शिकवण मला जेवढी समजली तेवढीच आपल्यापुढे ठेवतो.

दहा आज्ञांपैकी नववी आज्ञा (कॅथलिक गणतीने आठवी) खोट्या साक्षीविरुद्ध आहे. तिचा मूळ प्रसंग न्यायसभेतला. त्या काळी साक्षीदाराच्या शब्दावर माणसाचा जीव जात असे. म्हणून अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात असा नियम घातला आहे की, एका साक्षीदारावर आरोप शाबीत होत नाही. दोन किंवा तीन हवेत. शिवाय न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी, आणि साक्ष खोटी ठरली तर आरोपीला जी शिक्षा व्हावयाची तीच साक्षीदाराला द्यावी.

निर्गमाचा तेविसावा अध्याय याहून पुढे जातो. खोटी अफवा पसरवू नये, पुष्कळ लोक वाईटाकडे चालले म्हणून त्यांच्यामागे जाऊ नये, हे तर तेथे आहेच. पण पक्षकार गरीब आहे एवढ्यासाठी त्याच्या बाजूला झुकू नये, असेही सांगितले आहे. हे वाचून माझ्यासारखा कामगार कार्यकर्ता जरा चपापतो. मात्र दोनतीन ओळींनंतरच दुसरी आज्ञा येते: गरिबाचा न्याय बुडवू नये. दोन्ही एकत्र वाचल्या पाहिजेत. गरिबाची बाजू घ्यावयाची ती सत्याच्या बळावर.

योहानाच्या शुभवर्तमानात निकदेमाची गोष्ट आहे. येशूला दोषी ठरवावयास पुढारी अधीर झाले असता, माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय, असे तो त्यांना विचारतो. मार्टिन ल्यूथरने 1529 साली आपल्या लहान प्रश्नोत्तरीत याच आज्ञेचा अर्थ सांगताना, शेजाऱ्याच्या वागण्याचा होता होईल तो चांगला अर्थ लावावा असे सुचविले.

आता कोणी म्हणेल, एवढी शिकवण असताना ख्रिस्ती लोक तसे वागले काय? पुष्कळदा वागले नाहीत. फ्रान्समधले उदाहरण पाहा. ऑक्टोबर 1894 मध्ये आल्फ्रेड द्रेफ्यूस या यहूदी कॅप्टनला जर्मनीसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून अटक झाली. डिसेंबरात लष्करी न्यायालयाने बंद दाराआड त्याला दोषी ठरविले. न्यायाधीशांना एक गुप्त फाइल दाखविण्यात आली. ती आरोपीच्या वकिलाला दाखविली नव्हती. इकडे द्र्यूमाँच्या ‘ला लिब्र पारोल’ या पत्राने यहूद्यांविरुद्ध रान उठविले होते. आणि ‘ला क्रुआ’, म्हणजे ‘क्रूस’, हे नाव मिरविणारे कॅथलिक दैनिकही त्यात सामील होते. आपण यहूद्यांचे कट्टर विरोधक आहोत याचा त्याला अभिमानच वाटत असे.

1896 साली पिकार नावाच्या अधिकाऱ्याला आढळले की, पुराव्याच्या कागदावरचे अक्षर एस्तेराझी या दुसऱ्याच अधिकाऱ्याचे आहे. पिकारला यहूद्यांविषयी विशेष प्रेम नव्हते. तरीही त्याने खरे ते सांगितले, आणि त्यापायी बदली व तुरुंगवास सोसला. 13 जानेवारी 1898 रोजी एमिल झोलाने ‘लोरोर’ पत्रात अन्याय करणाऱ्यांची नावे घेऊन आरोप केले. झोला काही चर्चचा माणूस नव्हता. पण पॉल व्हिओले या कॅथलिक इतिहासकारानेही द्रेफ्यूसची बाजू घेतली. अखेर 1906 साली द्रेफ्यूस निर्दोष ठरला. ‘ला क्रुआ’ने आपल्या त्या लिखाणाबद्दल जाहीर क्षमा मागितली ती जानेवारी 1998 मध्ये! उशीर झाला खरा. पण चूक कबूल करणे हाही त्या शिकवणीचाच भाग आहे.

आता माझी गोष्ट. पंचवीस-एक वर्षांपूर्वी आमच्या एका संपात एका वर्तमानपत्राने छापले की, कामगारांनी अधिकाऱ्याला मारहाण केली. मारहाण झाली नव्हती, आणि आम्हांला कोणी विचारलेही नव्हते. मी संतापलो. पण त्याच आठवड्यात पोलिसांच्या लाठीने जखमी झालेला आमचा एक सोबती दवाखान्यात वारला, अशी बातमी एकाने धावत येऊन सांगितली. मी ती तशीच गेटसभेत जाहीर केली. दगड सुटले, आणि एका रखवालदाराचे डोके फुटले. तो बिचारा आमच्याहूनही कमी पगाराचा. आमचा सोबती जिवंत होता. दुसऱ्या दिवशी मी फलकावर दुरुस्ती लिहिली नाही. संप ढिला पडेल अशी भीती वाटली. वर्तमानपत्राने माझ्यावर केला तोच अन्याय मी त्या रखवालदारावर केला होता. मला ती बातमी खरी वाटली, कारण ती खरी असावी असे माझ्या रागाला वाटत होते.

म्हणून बातमी वाचताना मी चार प्रश्न विचारतो. प्रत्यक्ष कोणी पाहिले? ज्याच्यावर आरोप आहे त्याचे ऐकले काय? ही खरी ठरली तर आनंद कोणाला, मला तर नव्हे? आणि चुकलो तर दुरुस्ती तेवढ्याच मोठ्या आवाजात करण्याची माझी तयारी आहे काय? मोबाइलवर आलेला मजकूर पुढे पाठविणारा प्रत्येकजण आज साक्षीदारच झाला आहे, म्हणून हे प्रश्न त्यालाही लागू आहेत.

मात्र शंका ही पळवाट होऊ नये. ‘खरेखोटे कोण जाणे’ म्हणून वर्तमानपत्र मिटणारा माणूस द्रेफ्यूसच्या उपयोगी पडला नसता. ज्यांनी कागद तपासले तेच त्याच्या उपयोगी पडले.

आमच्या युनियनच्या फलकावर आता कोणतीही बातमी दोन माणसांच्या नावावाचून लागत नाही. काही वेळा त्यामुळे आम्ही मागे पडतो. ते आम्ही पत्करले आहे.