सौरबंबाचे पाणी आणि 'नॅनो' द्रव : भाविकांच्या माहितीसाठी

॥ श्री ॥



परदेशीपुऱ्यातील आपल्या मंदिराच्या भक्तनिवासावर ५०० लिटर क्षमतेचा सौरबंब आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. काकड आरतीसाठी मुक्कामी राहणाऱ्या भाविकांच्या स्नानाचे पाणी त्यावरच तापते. गेल्या दोन हिवाळ्यांत हे पाणी पहाटे जेमतेम कोमट मिळते, अशी रास्त तक्रार आमच्याकडे आली. त्याच सुमारास एका विक्रेत्याने विश्वस्त मंडळापुढे असा प्रस्ताव ठेवला की, बंबाच्या टाकीत त्याच्याकडील 'नॅनो' द्रव मिसळल्यास पाणी कितीतरी अधिक तापेल. एका श्रद्धाळू कुटुंबाने त्याचा सर्व खर्च देणगीरूपाने देण्याची तयारीही दर्शविली. मंडळाने तो प्रस्ताव स्वीकारला नाही. देणगी भाविकांची आहे. तेव्हा नकाराचे कारणही भाविकांस कळले पाहिजे, या भावनेने हा लेख प्रसिद्ध करीत आहोत.

सौरबंबाचे कार्य

आपला बंब सपाट संग्राहकाचा आहे. काचेखाली काळा लेप दिलेला तांब्याचा पत्रा व त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या असतात. ऊन काचेतून आत येते, पत्रा तापतो, आणि ती उष्णता नळ्यांतील पाण्यास मिळते. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते व थंड पाणी खाली येते. यास पंप लागत नाही.

याचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. ५०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे २३ युनिट ऊर्जा लागते. माळव्यात वर्षाच्या सरासरीने एका चौरस मीटरवर दिवसाला पाच ते साडेपाच युनिट ऊन पडते. आपल्या पाच संग्राहकांचे क्षेत्रफळ दहा चौरस मीटर आहे. म्हणजे पन्नासएक युनिट ऊन मिळते. त्याचा निम्म्याहून थोडा कमी भाग जरी पाण्यात उतरला, तरी आपले काम भागते. ऊन पुरेसे आहे. ते पाण्यापर्यंत पोहोचत नाही, ही अडचण आहे.

'नॅनो' द्रव म्हणजे काय?

मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. मनुष्याच्या केसाची जाडी असे ऐंशी हजारांच्या आसपास नॅनोमीटर भरते. तांबे, ॲल्युमिनियम ऑक्साइड, कार्बन आदींचे शंभर नॅनोमीटरहून लहान कण पाण्यात किंवा तेलात मिसळून जे मिश्रण होते, त्यास 'नॅनोफ्लुइड' म्हणतात. हे नाव अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील स्टीफन चोई यांनी १९९५ साली रूढ केले.

यामागील विचार सरळ आहे. तांबे पाण्यापेक्षा सहाशेहून अधिक पटींनी उष्णतावाहक आहे. मग पाण्यातच धातू मिसळला तर? मिश्रणाची उष्णतावाहकता किती वाढेल, याचे सूत्र जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ सालीच मांडले होते. परंतु जाड कण तळाशी बसत व नळ्या झिजवीत. अतिसूक्ष्म कण दीर्घकाळ तरंगत राहू शकतात, म्हणून या कल्पनेस नवे बळ मिळाले. तरीही ताक ठेवून दिले असता जसे निवळते, तसे हे कणही एकमेकांस चिकटून कालांतराने खाली बसतात. ते बसू नयेत म्हणून निराळी द्रव्ये घालावी लागतात. भारतातही या विषयाचा गंभीर अभ्यास झाला आहे. आयआयटी मद्रासमधील सरित कुमार दास व टी. प्रदीप यांचा चोई यांच्यासमवेत लिहिलेला ग्रंथ २००७ साली प्रसिद्ध झाला.

दावे आणि मोजमाप

आरंभीच्या काही प्रयोगांत आश्चर्य वाटावे एवढी वाढ नोंदविली गेली होती. त्याची शहानिशा करण्यासाठी जगातील तीसहून अधिक संस्थांनी एकसारखे नमुने मोजले. त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला : वाढ होते, परंतु ती बहुतांशी जुन्या सूत्राप्रमाणेच. म्हणजे शंभर भागांत एक भाग ॲल्युमिनियम ऑक्साइड मिसळल्यास उष्णतावाहकता साधारण तीन टक्क्यांनी वाढते.

इराणमधील संशोधकांनी २०१२ साली सपाट संग्राहकावर ०.२ टक्के कणांचे मिश्रण वापरून २८.३ टक्के अधिक कार्यक्षमता नोंदविली, हेही सांगितले पाहिजे. परंतु तो पंपाने द्रव फिरविणारा, प्रयोगासाठी उभारलेला संच होता. तेथील आकडा आपल्या बंबास जसाच्या तसा लागू करणे योग्य नव्हे.

आपल्या बंबात पत्र्याची उष्णता पाण्यात उतरण्यास फारसा अडथळा नसतो. ऊन वाया जाते ते मळलेल्या काचेवर, झिजलेल्या काळ्या लेपावर आणि वाऱ्याने निवणाऱ्या पाइपांवर. दर्शनरांगेत महाद्वारच अरुंद असेल, तर गाभाऱ्याजवळची वाट रुंद करून रांग लवकर सरकत नाही. तसेच हे आहे.

या द्रवाचा खरा उपयोग कोठे?

पत्र्याऐवजी द्रवानेच ऊन शोषून घ्यावे, ही निराळी पद्धत अधिक आशादायक आहे. १९७५ साली संशोधकांनी शाईसारखा काळा द्रव पारदर्शक नळ्यांतून खेळवून हा प्रयोग केला होता. निरांजनाच्या काजळीचे कण पाण्यात तरंगत ठेवावेत, तसाच हा प्रकार. २०१० साली अमेरिकेतील ओटानिकार, फेलन आदींनी कार्बन व चांदीच्या सूक्ष्म कणांनी कार्यक्षमता पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असे दाखविले. आरशांनी ऊन एकवटून तेल तापविणाऱ्या बंदिस्त यंत्रणांत याचा पुढे लाभ होऊ शकेल. मात्र शिर्डी येथे श्रीसाईबाबा संस्थानच्या प्रसादालयासाठी २००९ साली ७३ सौर तबकड्यांची वाफेवर अन्न शिजविणारी यंत्रणा उभी राहिली, ती आरसे, पाणी आणि वाफ यांच्याच बळावर. आपल्या इंदुरात बरली संस्थेतही अशाच सौर तबकडीवर स्वयंपाक झाला आहे.

मंडळाचा निर्णय

नकाराचे सर्वांत मोठे कारण आरोग्याचे आहे. आपल्या बंबात जे पाणी तापते, तेच नळास येते. टाकीत घातलेले कण भाविकांच्या अंगावर, लहान मुलांच्या तोंडात आणि कदाचित अभिषेकाच्या कलशातही जातील. असा द्रव वापरावयाचाच असेल, तर तो वेगळ्या बंद नळ्यांत ठेवून मधल्या उष्णता-विनिमयकाद्वारे पाणी तापवावे लागते. त्यासाठी जवळजवळ संपूर्ण बंब नवा करावा लागेल, आणि त्या मधल्या टप्प्यात काही अंश उष्णताही गमवावी लागेल. विक्रेत्याने ही गोष्ट आम्हांस सांगितली नव्हती. आम्ही विचारल्यावरही समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

बंब उघडून पाहता नळ्यांत बोअरिंगच्या जड पाण्याचे क्षार साचलेले आढळले. या थराने प्रवाह मंदावतो आणि तांब्याची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही. येथे दोष आमचाही आहे. काच धुण्याचे व नळ्या तपासण्याचे काम नियमित झाले नाही, हे आम्ही नम्रपणे मान्य करतो.

सदर कुटुंबाच्या संमतीने ती देणगी आता पुढील कामांसाठी वापरण्यात येईल :

१. नळ्यांतील क्षार जाणकार कारागिराकडून काढून घेणे व त्यानंतर नळ्या स्वच्छ पाण्याने पूर्ण धुणे.
२. टाकी व गरम पाण्याच्या पाइपांवरील फाटलेले आवरण बदलणे.
३. संग्राहकांवर सावली पाडणारी पाण्याची टाकी हलविणे.
४. काच दर आठवड्यास, ऊन चढण्यापूर्वी पुसणे व त्याची नोंद वहीत ठेवणे.

नव्या विद्येविषयी आम्हांस अनादर नाही. रथसप्तमीस अंगणात दूध उतू घालून आपण सूर्यनारायणाची पूजा करतो. त्याचे दान रोज आपल्या गच्चीवर येतच आहे. ते स्वीकारणारी काच स्वच्छ ठेवणे, ही आपली पहिली सेवा होय.

ज्या भाविकांस काच पुसण्याची सेवा करावयाची असेल, त्यांनी काकड आरतीनंतर कार्यालयात नाव नोंदवावे, ही विनंती.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळ
परदेशीपुरा, इंदूर