मोटारीचा ताप

निमाडातून माळव्यावर चढणाऱ्या रस्त्याने मोटारींची जेवढी परीक्षा घेतली आहे, तेवढी इंदुरातल्या कोणा मिस्त्रीनेही घेतली नसेल. खलघाटला नर्मदा ओलांडावी, धामनोद मागे पडावे, आणि घाट लागला की तापमानाचा काटा वर सरकू लागावा, हा अनुभव इथल्या जुन्या मराठी घरांना नवा नाही. आपली कुलदैवते महाराष्ट्रात, सोयरीक महाराष्ट्रात. तेव्हा वर्षातून एकदोनदा हा घाट उतरावा आणि चढावा लागतोच. अँबॅसडर आणि फियाटच्या काळात वळणावर बॉनेट उघडे टाकून उभी असलेली मोटार, उपरण्याने मान पुसणारे यजमान आणि रिकामी सुरई घेऊन पाण्याच्या शोधात निघालेला मुलगा, हे चित्र ठरलेले असे. आता रस्ता रुंद झाला, मोटारी बदलल्या. मोटार तापल्यावरचे आपले वागणे मात्र फारसे बदललेले नाही. पाणी ओतायचे आणि पुढे निघायचे!

पोराला ताप भरला की कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवणारी आजी आणि ताप कशाने आला हे विचारणारा डॉक्टर, घराला दोघेही लागतात. पाणी ओतणे हे आजीचे काम झाले. डॉक्टरचे काम आपण बहुधा करीतच नाही.

मोटारीच्या पोटात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी जेमतेम पाव हिस्सा चाकांच्या कामी येतो. काही धुराबरोबर बाहेर पडते, आणि उरलेल्यातला मोठा वाटा इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याने उचलून रेडिएटरमध्ये आणून टाकायचा असतो. तिथे बारीक नळ्यांतून पाणी उतरते, नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांमधून वारा वाहतो आणि पाणी निवते. वारा, पाणी, पाणी फिरवणारा पंप, पाण्याला योग्य वेळी वाट मोकळी करून देणारा थर्मोस्टॅट आणि पाणी दाबून धरणारे झाकण, एवढाच हा संसार. झाकण म्हणजे नुसते बूच नव्हे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांनाच उकळते. जुन्या गाड्यांच्या झाकणाची स्प्रिंग ७ पौंडांचा दाब धरी. तेवढ्याने उकळण्याची मर्यादा ११० अंशांच्या आसपास जाते. झाकणाचे रबर फाटले की ही सारी सवलत गेली. काही शेकड्यांचे झाकण बदलायचे सोडून लोक इंजिन उघडून बसलेले मी पाहिले आहेत.

ही हकीकत सांगायचे कारण आमच्या शेजारच्या अण्णांची मोटार. १९८६ सालची मार्क फोर अँबॅसडर. चंपाषष्ठीला जेजुरीला जायचे ते तिच्यातूनच, हा त्यांच्या घरचा पायंडा. खंडोबा होळकरांचेही कुलदैवत, तेव्हा या यात्रेबद्दल अण्णांच्या बोलण्यात थोडा संस्थानी तोरा असतोच. २०२२ च्या चंपाषष्ठीहून परतताना मोटारीने घाटात दोनदा वाफ सोडली. एका गॅरेजने बॉनेट उघडले, लगेच मिटले आणि निकाल दिला, "हेड गई, बाबूजी." इंजिन उतरवण्याचा आकडा ऐकून चिरंजीवांनी भंगारवाल्याशी बोलणी सुरू केली. अण्णा काही बोलेनात. संध्याकाळी मोटारीवरचे कापड उगाच नीट करीत उभे राहत.

मी त्यांना एकच विचारले, "अण्णा, शहरात तापते का हो?"

"छे! रामबागेतून छावणीपर्यंत रोज जाते. काटा हलत नाही."

माझ्या मते अर्धे निदान या उत्तरातच आहे. गर्दीत, सिग्नलला उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते ती मोटार वाऱ्याची दुखणेकरी. पट्टा ढिला असतो, किंवा नव्या मोटारींत विजेचा पंखा फिरत नसतो. पट्टा दोन चाकांच्या मधोमध अंगठ्याने दाबावा; अर्धा इंच दबला तर ठीक. याउलट शहरात शहाण्यासारखी वागते आणि चढावर किंवा वेगात तापते ती पाण्याची दुखणेकरी; कारण धावत्या मोटारीला वारा फुकट मिळतो, कमी पडते ते पाणी वाहून नेण्याचे बळ. रेडिएटर तुंबलेला असेल, किंवा खालची रबरी नळी मऊ पडून पंपाच्या ओढीने आत चेपत असेल. ब्रेक धरून राहिले किंवा ठिणगी उशिरा पडू लागली तरी चढावर असेच होते. आणि शहर असो की घाट, बाहेर कुठे एक थेंब न गळता पाणी कमी होत राहिले तर मात्र हेडच्या गॅस्केटवर संशय घ्यावा.

अण्णांची मोटार दुसऱ्या जातीची. तरीही गॅरेजचा निकाल तपासणे भाग होते. सकाळी थंड इंजिनाचे झाकण काढून मोटार सुरू केली आणि पाण्याकडे पाहत उभे राहिलो. गॅस्केट फुटले असते तर धूर पाण्यात घुसून बुडबुड्यांची माळ वर आली असती. पाणी संथ. तेल भरायच्या तोंडाचे झाकण पाहिले. तेलात पाणी मिसळले की तिथे दुधाच्या सायीसारखा लगदा धरतो. तोही नव्हता. सायलेन्सरमधून पांढरी वाफ नाही. म्हणजे हेड शाबूत!

मग रेडिएटर. समोरच्या पत्र्यांत किडे आणि कापसाचे तंतू गच्च बसलेले. निमाड कापसाचा मुलूख आणि दिवस वेचणीचे, त्याचे नवल नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारून ते धुतले. मानपूरपर्यंत एक फेरी केली, फरक पडला पण थोडा. परतल्यावर इंजिन बंद करून रेडिएटरच्या अंगावरून हात फिरवला. बराचसा भाग चटका देत होता आणि एका कडेचा पट्टा वरपासून खालपर्यंत गार. गार म्हणजे तिथून पाणी वाहतच नव्हते. (विजेचा पंखा असलेल्या मोटारीत हा हात घालू नये. इंजिन बंद असतानाही तो पंखा अचानक फिरू लागतो.)

रेडिएटर उतरवून कारागिराकडे दिला. त्याने डाख सोडवून वरची टाकी उघडली आणि नळ्या दाखवल्या. कित्येकींची तोंडे पांढऱ्या क्षाराने आणि तांबूस गाळाने बुजलेली. इंदुरात नर्मदेचे पाणी १९७८ मध्ये आले, पण अण्णांच्या घरी मोटार धुवायला आणि भरायला पाणी बोअरिंगचे. चहाच्या किटलीत जो थर बसतो तोच इथे वर्षानुवर्षे बसला होता. कारागिराने एकेका नळीतून चपटी सळई घालून वाट मोकळी केली आणि टाकीला पुन्हा डाख लावला. सारे काम हेडसाठी सांगितलेल्या रकमेच्या पाचव्या हिश्शात झाले.

त्यातच आणखी एक उलगडा झाला. कोणा जुन्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकला होता. "गरम मुलकात काय करायचा?" हा आपल्याकडचा आवडता युक्तिवाद. शहरात काटा हलत नसे त्याचे एक कारण हेच. इंजिन रोज अर्धवट गार चाले, पेट्रोल जास्त पीत असे आणि झिजत असे. काट्यालाच आपण शहाणपण समजत होतो. नवा ८२ अंशांचा थर्मोस्टॅट आणला. दोरीला टांगून पातेल्यातल्या पाण्यात सोडला, शेजारी थर्मामीटर धरला आणि स्टोव्ह पेटवला. वेळेवर तोंड उघडताना पाहून अण्णांच्या घरच्या मंडळींना सिनेमा पाहिल्याचा आनंद झाला.

२०२३ ची चंपाषष्ठी मोटारीने केली. भंगारवाला पुन्हा आला नाही.

वाटेत काटा चढलाच तर काय करावे, हेही सांगून टाकतो. वातानुकूलन बंद करावे, हीटर असेल तर पूर्ण उघडावा. उन्हाळ्यात तो शिक्षा वाटतो, पण इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो. सावली पाहून थांबावे, इंजिन बंद करावे, बॉनेट उघडावे आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. दाबाखालचे पाणी झाकण सुटताच उसळते आणि चेहरा भाजून काढते. नंतर जाड फडके घेऊन पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, फुसकारा थांबू द्यावा, मग काढावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतले तर हेडला तडा जातो किंवा ते वाकते. गॅरेजचे भाकीत मग आपणच खरे करून देतो. काटा चढता चढता एकाएकी खाली पडला तर आनंद मानू नये. पाणी मापकाच्या खाली गेले की तो कोरडा पडतो आणि खोटे बोलतो. आणि मे महिन्यात अँबॅसडर बंद पडल्यावर पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळतात तो आजार निराळा. तिथे पेट्रोलची वाफ होऊन वाट अडते, पाण्याचा दोष नसतो.

अण्णा आता बोअरिंगचे पाणी भरीत नाहीत. कंपनीने सांगितलेले कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी निम्मे-निम्मे घालतात. गंज आणि क्षार दोन्हींना त्याने आळा बसतो. डिकीत त्याची बाटली असते, तिच्यावर त्यांनी ठळक अक्षरांत 'विष' असे लिहून ठेवले आहे. हे द्रव्य चवीला गोड असते, आणि नातवंडे प्रवासात सरबत मागतात.