दोन्ही पावणेदोनच, तरी टायर बसत नाही: जुन्या क्रूझर सायकलींचे वजनी वर्ग

जुन्या अमेरिकन क्रूझर सायकलींच्या जाहिराती बघितल्यात तर तीन शब्द हमखास दिसतात: बलून, मिडलवेट, लाइटवेट. नवा माणूस समजतो की ही वजनाची प्रतवारी आहे, काट्यावर ठेवली की कळेल. मित्रांनो, काटा बाजूला ठेवा. हे वर्ग किलोवर नाही, मुख्यतः टायरच्या रुंदीवर ठरलेत. श्विन कंपनीची दहा गिअरची ‘व्हर्सिटी’ घ्या. कॅटलॉगात लाइटवेट, आणि उचलायला गेलात तर १८ किलोच्या आसपास!

तुमच्यापैकी काही जण अमेरिकेतल्या भावाबरोबर जुन्या सायकली घेऊन विकायचं म्हणताय, काही जण इथून टायर आणि सुटे भाग पाठवायचा विचार करताय. दोघांचंही मार्जिन इथेच अडकलंय. वर्ग ओळखता आला नाही तर बलूनच्या भावात मिडलवेट गळ्यात पडेल, किंवा न बसणारा टायर पाठवून जायचं-यायचं भाडं खिशातून भराल.

हे वर्ग आले कुठून ते थोडक्यात बघू. १९३३ साली, ऐन मंदीत, शिकागोच्या श्विनने २६ x २.१२५ चा जाड टायर आणला. त्याआधी तिकडे २८ इंची, रिमला चिकटवलेले एकनळी टायर चालायचे. पंक्चर म्हणजे डोक्याला ताप. जाड टायरमध्ये ट्यूब वेगळी, हवेचा दाब कमी, खड्डा आरामात गिळणार. बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. नळ्यांच्या मध्ये मोटारसायकलसारखी खोटी टाकी, उलटं पॅडल मारलं की लागणारा ब्रेक, भरपूर क्रोम. हा झाला बलून.

महायुद्धानंतर इंग्लंडच्या तीन गिअरच्या सडपातळ सायकली अमेरिकेत खपायला लागल्या. त्यांचा टायर २६ x १ ३/८. हा लाइटवेट. १९५५ मध्ये तिथल्या सरकारने आयात शुल्क वाढवलं, बहुतेक वर्गांना २२.५ टक्के, पण मोठ्यांच्या लाइटवेट सायकलींना फक्त ११.२५. म्हणजे जिथे खरी स्पर्धा होती तिथेच कुंपण बुटकं! त्याच सुमारास तिथल्या कारखान्यांनी मधला मार्ग काढला होता. थाट बलूनचा, टायर पावणेदोन इंची. हा मिडलवेट. श्विनची ‘कॉर्व्हेट’ त्यातली गाजलेली.

आता खरी गोम. व्हिडिओत हे आकडे पटकन निघून गेले, म्हणून इथे सावकाश वाचा.

१.७५ म्हणजे पावणेदोन. १ ३/४ म्हणजेही पावणेदोन. गणिताच्या मास्तरांना दोन्ही सारखेच. सायकलवाल्याला नाहीत. टायरवर दशांशात २६ x १.७५ लिहिलं असेल तर तो रिमवर जिथे बसतो तिथला व्यास ५५९ मिलिमीटर, बलूनचा असतो तोच. पण श्विनने आपल्या मिडलवेटसाठी वेगळी रिम ठेवली, तिचा टायर अपूर्णांकात २६ x १ ३/४ असा लिहितात आणि व्यास ५७१. बारा मिलिमीटरचा फरक. कितीही जोर लावा, ५५९ चा टायर ५७१ च्या रिमवर चढणार नाही. उलट केलं तर टायर सैल राहील आणि हवा भरताना निसटेल.

लाइटवेटमध्येही हाच घोळ आहे. इंग्लिश २६ x १ ३/८ ची रिम ५९०, श्विनची ५९७. श्विनला हे बरं होतं, गिऱ्हाईक टायरसाठी त्यांच्याच दुकानात परत यायचं. धंदा म्हणून हुशारी मानायला हवी, पण त्याचा भुर्दंड आज तुम्ही-आम्ही भरतोय.

उपाय सोपा आहे. श्विनच्या रिमवर आतल्या बाजूने शिक्का असतो. एस-२ म्हणजे बलून, एस-७ म्हणजे मिडलवेट, एस-५ किंवा एस-६ म्हणजे लाइटवेट. गंजाखाली लपलेला असेल तर विकणाऱ्याला फडकं मारून फोटो पाठवायला सांगा. आणि टायरची ऑर्डर घेताना इंच विचारूच नका. ‘४७-५७१’ असा मिलिमीटरचा आकडा मागा. ही सवय इथल्या धंद्यालाही उपयोगी. आपल्या काळ्या रोडस्टरचा २८ x १ १/२ म्हणजे ६३५.

नुसत्या रिमवरही विसंबू नका, कारण साठ-सत्तर वर्षांत चाकं बदललेली असू शकतात. म्हणून फोर्क बघा, म्हणजे आपला चिमटा. बलूनच्या चिमट्यात २.१२५ इंची टायर फिरायला ऐसपैस जागा असते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांमध्येही तेच. मिडलवेटच्या सांगाड्यात बलूनची चाकं कोंबली असतील तर टायर घासतो, किंवा घासायच्या बेतात असतो. नावावरही जाऊ नका. श्विनची ‘जॅग्वार’ आधी बलून होती, नंतर त्याच नावाने मिडलवेट झाली.

बलूनच्या सांगाड्याला मान का, याचं एक कारण कॅलिफोर्नियात आहे. १९७० च्या दशकात मरिन काउंटीतल्या पोरांनी श्विनचे जुने बलून सांगाडे घेऊन डोंगर उतरायला सुरुवात केली. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही त्यातली नावं. जाड टायर मावतो आणि नळ्या मार खातात, म्हणून पसंती १९३०-४० च्या ‘एक्सेलसिअर’ला. माउंटन बाइक त्यातूनच पुढे आली. एवढी मागणी मिडलवेटच्या वाट्याला आली नाही. अर्थात मिडलवेट विकत नाही असं नाही. रोज चालवायला सायकल हवी असलेलं गिऱ्हाईक तीच घेतं, फक्त भाव त्या हिशोबाने लावायचा.

एक सावधगिरी अजून. ‘ब्लॅक फँटम’ १९४९ ते १९५९ मध्ये बनली, आणि श्विनच्या शंभरीनिमित्त १९९५ मध्ये तिची नक्कल पुन्हा निघाली. तीही आता जुनी दिसायला लागलीय. विकणारा ‘खूप जुनी आहे’ एवढंच म्हणाला तर थांबा आणि चार फोटो मागा: सांगाड्यावरचा नंबर, रिमचा शिक्का, टायरच्या बाजूवरचा आकडा, आणि चिमट्याचा समोरून, पट्टी धरून काढलेला.