बेताच्या पैशांतले अंगण

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंत सारे विषय होऊन गेले. त्यांच्या पंगतीला घरापुढच्या अंगणाने येऊन बसावे, हे काही श्रोत्यांना थोडे गमतीचे वाटेल. पण या विषयाला वैशाख जितका अनुकूल आहे तितका दुसरा महिना नाही. का, ते पुढे ओघाने येईलच. आमचे बोलणे बंगल्यांच्या बागांविषयी नाही. ज्यांच्या दारापुढे वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद एवढी जागा आहे, कर्जाचे हप्ते चालू आहेत, आणि ‘या अंगणाचे काहीतरी केले पाहिजे’ असा विषय घरात दर रविवारी निघतो, अशा गृहस्थांसाठी हे विवेचन आहे. सगळे हिशेब आम्ही याच तीनशे चौरस फुटांचे धरले आहेत. ज्याने त्याने ते आपल्या जागेला लावून घ्यावेत.

आधी आमची स्वतःची चूक सांगतो. घर बांधून झाले तेव्हा हाती थोडे पैसे उरले होते. काम करणाऱ्या ठेकेदाराने सुचविले की, सगळे अंगण सिमेंटच्या ठोकळ्यांनी मढवून टाका. चिखल नाही, गवत नाही, झाडलोट सोपी. आम्हांला ते पटले. पैसे संपले आणि त्यांच्याबरोबर अंगणही संपले. आमच्या आईची सवय अशी की, दिवेलागणीला ओट्यावर येऊन बसायचे, वाती वळायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करायची. त्या उन्हाळ्यात तिने ओट्यावर येणे सोडले. आम्हांला वाटले, वय झाले. एके रात्री नऊच्या सुमारास आम्ही अनवाणी अंगणात उतरलो, तो पायाला चटका बसला. तेव्हा कुठे कारण उमगले. दिवसभर तापलेले ते ठोकळे रात्री ओट्याकडे धग फेकीत होते.

यात गूढ काही नाही. ओल्या मातीवर ऊन पडले की त्यातली बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. झाडाच्या पानांतूनही हाच व्यापार चालतो. सिमेंटजवळ वाफ करायला पाणी नसते, म्हणून ते सगळे ऊन पोटात साठविते आणि सूर्य मावळल्यावर सावकाश परत करते. आपल्या आज्या सकाळी सडा घालीत त्यात शुचितेइतकीच ही सोयही होती. मात्र सडा मातीला घालायचा असतो. ठोकळ्यांवर घातलेले पाणी काही मिनिटांत उडून जाते.

दुसरे नुकसान पाण्याचे. तीनशे चौरस फूट म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. एवढ्या जागेवर एक सेंटीमीटर पाऊस पडला की २८० लिटर पाणी होते, म्हणजे वीस लिटरच्या चौदा बादल्या. पुण्यासारख्या गावी वर्षाला सत्तर सेंटीमीटर पाऊस धरला तर हा आकडा १९,६०० लिटरांवर जातो. दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर. मढविलेले अंगण हे पाणी रस्त्यावर सोडून देते, आणि मार्चअखेर तोच गृहस्थ टँकरवाल्याला फोन करीत असतो. त्या गृहस्थांत आम्हीही होतो.

तेव्हा बेताच्या पैशांत अंगण करण्याची पहिली युक्ती पैसे वाचविण्याची आहे: जमीन झाकू नका. चालायला वाट लागते, ती तेवढी करावी. शहाबादी फरशी विकणाऱ्यांकडे मोडके तुकडे पडून असतात. ते अखंड फरशीच्या मानाने पुष्कळच स्वस्त पडतात. चार बोटे खोल खणून खाली कच टाकावी, तुकडे बसवावेत, आणि मधल्या फटी सिमेंटने न भरता तशाच ठेवाव्यात. फटींतून पाणी मुरते आणि हरळीही डोके काढते, ती गणपतीच्या दिवसांत उपयोगी पडते. मोटार उभी करायची असेल तरी तिला जमीन लागते ती चाकांखालीच. दीड-दीड फूट रुंदीच्या दोन पट्ट्या पुरतात. मधली जागा मोकळी राहू द्यावी.

वाचलेले पैसे कशावर घालावेत? येथे बहुतेकांची चूक होते. मंडळी उत्साहाने रोपवाटिकेत जातात, फुललेल्या कुंड्या पाहून हरखतात, आणि दोन हजारांची रोपे आणून विटांच्या तुकड्यांत व वाळक्या चुन्यात पुरतात. नव्या घराच्या अंगणात वरचा थर मातीचा क्वचितच असतो. बांधकामाचा राडारोडा तेथेच पसरून वर मुरमाचा हात फिरविलेला असतो. पहारीने एक फूटभर खणून पाहावे, म्हणजे आपण कशावर उभे आहोत ते कळते. त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावे. दुसऱ्या दिवशीही ते तसेच उभे असेल, तर आधी निचऱ्याची सोय करावी लागेल.

पण सगळेच अंगण खणून माती भरण्याचा विचार करू नये. तीनशे चौरस फूट जागा एक फूट खोल भरायची तर तीन ब्रास माती लागते, आणि मातीच्या ट्रकचा भाव ऐकूनच माणूस खाली बसतो. त्याऐवजी कुंपणाच्या भिंतीलगत पंधरा फूट लांब व तीन फूट रुंद एकच वाफा फूटभर खोल करावा, आणि एका झाडासाठी तीन फूट लांब, रुंद व खोल असा एक खड्डा घ्यावा. वाफ्याचे पंचेचाळीस आणि खड्ड्याचे सत्तावीस मिळून बहात्तर घनफूट होतात. काम ब्रासच्याही आत भागते. दोन भाग माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एवढे मिश्रण पुरे. शेणखत कुजलेले आहे की नाही हे हातात घेऊन, वास घेऊन पाहावे. कच्च्या शेणाने वाळवी येते.

पुढच्या वर्षापासून खतही विकत घेण्याचे कारण नाही. या बाबतीत इंदूरचे नाव काढल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. तेथील शेतकी संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण व राख यांचे थर रचून, ठराविक दिवसांनी ते उलटेपालटे करून तीनएक महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसविली आणि १९३१ साली ती ग्रंथरूपाने मांडली. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली. हॉवर्डांचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. मुखपृष्ठावरचे वाडांचे नाव मात्र आपल्याच लोकांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगितले. घरी हे काम फार सोपे आहे. कोपऱ्यात विटांचा, चुन्या-सिमेंटावाचून नुसता फटी ठेवून रचलेला, तीन फुटी हौद करावा. स्वयंपाकघरातली देठे-साली एक ओंजळ, तर वाळका पाला तीन ओंजळी, या प्रमाणात थर द्यावेत. वास येऊ लागला की ओल जास्त झाली असे समजून वाळका पाला वाढवावा. ज्या पाल्याला आपण काडी लावतो तोच हा माल आहे, आणि शेजारी तो आनंदाने फुकट देतात.

आता सावलीविषयी. पुण्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. तेव्हा भिंतीच्या आडोशाचा दुपारी काही उपयोग नाही, छत्रच हवे. शिवाय या दिवसांत सूर्य ठीक पश्चिमेला न मावळता थोडा उत्तरेकडे सरकून मावळतो. ज्यांचे घर पश्चिममुखी आहे त्यांनी आपले एकुलते एक झाड दाराच्या समोर न लावता वायव्येच्या अंगाला लावावे. संध्याकाळी ओट्यावर सावली येते. दक्षिणेची बाजू मोकळी ठेवली तर मार्गशीर्ष-पौषात कोवळे ऊनही घरात येते. कोकणात याहून नामी सोय आहे: पावसाळा सरला की खळ्यात मांडव घालतात आणि पावसाच्या आधी तो उतरवून ठेवतात. देशावर कोणी हे अनुकरण का करीत नाही, हे आम्हांला कोडे आहे.

झाड कोणते? लहान अंगणाला पारिजातक किंवा कढीपत्ता शोभतो. थोडी अधिक जागा असेल तर बहावा. शेवगा झपाट्याने वाढतो आणि शेंगाही देतो, पण त्याची लाकडे ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात फांदी कोणाच्या डोक्यावर पडेल सांगवत नाही. भाल्यासारख्या उंच अशोकांची रांग लावण्याची सध्या फार हौस दिसते. ती दिसायला ऐटदार खरी, पण तिच्याखाली मांजरालाही सावली मिळत नाही. गुलमोहर, वड, पिंपळ यांना पंधरा फुटांच्या अंगणात जागा नाही, मग ते कितीही प्रिय असोत. झाड लावताना त्याचे पुरे वाढलेले रूप डोळ्यांपुढे आणावे. कारण महाराष्ट्रातील शहरांत झाडे जतन करण्याचा कायदा १९७५ पासून आहे, आणि स्वतःच्या अंगणातले झाडसुद्धा परवानगीवाचून तोडता येत नाही. रोपाला फार पैसे घालू नयेत. वनखात्याच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत देशी झाडांची रोपे माफक किमतीत मिळतात.

हिरवळीचा मोह मात्र टाळावा, असे आम्ही आग्रहाने सांगू. गालिच्यासारखी गुंडाळी आणून अंथरली की चार दिवस अंगण चित्रातल्यासारखे दिसते. मग पाण्याचा हिशेब सुरू होतो. तीनशे चौरस फुटांवर उन्हाळ्यात रोज अर्धा सेंटीमीटर पाणी द्यायचे म्हटले तरी १४० लिटर लागतात. शहरात दर माणशी दर दिवशी धरलेले पाण्याचे सरकारी प्रमाण १३५ लिटरांचे आहे. म्हणजे घरात एक माणूस वाढला, आणि तोही काम न करणारा.

फुलझाडांना तर पैसा जवळजवळ लागतच नाही, थोडा निर्लज्जपणा लागतो. तगर, जास्वंद, मेंदी, अडुळसा यांच्या छाटण्या शेजाऱ्याकडून मागून आणाव्यात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, चार-पाच डोळे असलेली काडी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका द्यावा, खालची पाने काढावीत, आणि पहिल्या पावसानंतर अर्धीअधिक काडी मातीत खोचावी. दहांतल्या सहा जगल्या तरी कुंपण भरते. कर्दळीचा कंद, गवती चहाचा ठोंब, कोरफडीचे पिल्लू, निशिगंधाचे कांदे, हे सारे मागून मिळणारे धन आहे. गुलबक्षी, तेरडा, गोकर्ण आणि सदाफुली यांचे मूठभर बी एकदा मिळाले की पुढे ती आपल्या हिमतीवर उगवतात. कण्हेर चिवट आहे आणि बारमाही फुलते, पण तिचे सर्वांग विषारी. घरात रांगते मूल असेल तर नको. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात. बी धरू दिले की ती लवकर काष्ठ होते, आणि मग ‘आमच्याकडे तुळस जगत नाही’ अशी खंत करीत बसतात.

उन्हाळ्यात पाणी थोडके असेल तर वाफ्यात मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावा आणि वर झाकणी ठेवावी. पाणी हळूहळू मुळांपाशी झिरपते. मात्र ज्या माठात पाणी गार होईनासे झाले तो येथेही कामाचा नाही, कारण त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. त्याला काथ्याने खसखसून घासून पाहावे, नाहीतर नवा आणावा. एवढा खर्च परवडतो. माठाभोवती पाल्याचे बोटभर जाड आच्छादन असले की ओल टिकते. साबणाचे पाणी कर्दळीला द्यायला हरकत नाही, पण खाण्याच्या अळवाला ते नको. जुन्या घरी मोरीच्या पाण्यावर अळू होई हे खरे, पण त्या मोरीत हल्लीच्या पुडीतला साबण नव्हता.

आणि आता वैशाखाविषयी. खड्डा व वाफा याच महिन्यात खणून उघडे ठेवावेत. कडक उन्हाने माती तापते, हुमणीसारखे किडे वर येतात ते पक्षी वेचतात, तणांचे बी मरते. ज्येष्ठाच्या सुरुवातीला खत-माती भरावी, एखादा पाऊस पडून ती खाली बसू द्यावी, मगच रोप लावावे. पाऊस आल्यावर पहार शोधायला निघणाऱ्याचे एक वर्ष वाया जाते. आमचे असे एक गेले आहे.

आमच्या त्या ठोकळ्यांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांतले दोन तृतीयांश उपटून काढले. काढण्याची मजुरी बसविण्याइतकीच पडली. खताचा हौद त्यांचाच रचला, उरलेले एका शेजाऱ्याने गोठ्यासाठी नेले. खड्डा घेऊन वायव्येला पारिजातक लावला, त्याला आता पाच पावसाळे झाले. आई पुन्हा ओट्यावर बसू लागली आहे. तिची आता एकच तक्रार असते, की पाणी आपण घालायचे आणि श्रावणात सकाळी ओंजळ भरते ती पलीकडच्या वहिनींची. सत्यभामेलाही हेच दुःख होते असे सांगून आम्ही तिची समजूत काढतो. तिला ते पटत नाही.