नोंद सापडली नाही, म्हणजे पीक नव्हतं का?

या आठवड्यात स्थिर प्रतिमानांकडे (stable models) वळायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, कारण दर्यापूरकडच्या एका वाचकाचा प्रश्न बाजूला सारून पुढे जाणं योग्य नाही. सात-बाराच्या नोंदी प्रोलॉग या तर्काधारित संगणकभाषेत भरल्या, ‘अमुक गटात कापूस नाही’ हे खरं का असं विचारलं आणि होकार मिळाला, तर ते उत्तर शेताबद्दलचं की कागदाबद्दलचं? माझ्या मते ते शोधाबद्दलचं उत्तर आहे. शेताला ते लागू पडायचं तर यादी पूर्ण असल्याची हमी कुणीतरी घेतलेली असावी लागते, आणि ती हमी यंत्र घेत नाही, नियम लिहिणारा घेतो.

आतापर्यंत आपण लिहिलेले सगळे नियम होकारी आहेत: हे खरं असेल तर ते खरं. अशा नियमांमधून शुद्ध तर्काने एकही नकार निघू शकत नाही. याचं कारण साधं आहे. जिथे प्रत्येक विधान खरं आहे असं जग कल्पिलं, तर आपला एकही नियम तिथे मोडत नाही. सगळ्या गटांत सगळी पिकं उभी आहेत असं मानलं तरी नियमांची तक्रार नसते. मग प्रोलॉग ‘नाही’ कुठून आणतं? ते आधी होकार सिद्ध करून पाहतं. सगळ्या वाटा संपल्या आणि हाती काही लागलं नाही, की नकार मान्य करतं. किथ क्लार्क यांनी 1978 सालच्या एका ग्रंथात या पद्धतीला तार्किक बैठक दिली. त्याच ग्रंथात रेमंड रायटर यांनी ‘बंदिस्त जगा’चं गृहीतक मांडलं: जे नोंदीतून निघत नाही ते खोटं धरावं. वाटाच संपत नसतील तर मात्र प्रोलॉग हो किंवा नाही काहीच म्हणत नाही, नुसतं शोधत राहतं.

हे गृहीतक वेडगळ मुळीच नाही. रेल्वेचं वेळापत्रक त्यावरच चालतं. अकोला आणि बडनेरा ही मुंबई–हावडा मार्गावरची स्थानकं, अमरावती बडनेऱ्याहून फुटणाऱ्या फाट्यावर. अकोल्याहून थेट अमरावतीला जाणारी गाडी वेळापत्रकात सापडली नाही तर ती नाही असं आपण बिनधास्त मानतो, कारण गाड्या ठरवणारा आणि यादी छापणारा एकच आहे. न धावणाऱ्या गाड्यांची यादी कुणी छापू म्हटलं तर कागद पुरणार नाही. शेतात तसं नसतं. तिथे पीक आधी उगवतं, नोंद मागून होते, आणि दोन्ही करणारे हात वेगळे असू शकतात.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी मोबाइलवरून उभ्या पिकाचा फोटो घेतो आणि पेरा गाव नमुना 12 मध्ये चढतो. नेटवर्क नसलं, फोन नसला, मुदत टळली, तर कापूस शेतात असतो आणि नमुन्यात नसतो. ‘पेऱ्याची नोंद सापडत नसेल तर गट पड’ असा एका ओळीचा नियम कुणी लिहिला, तर न काढलेल्या फोटोचा अर्थ न पेरलेलं शेत असा होतो. कायदा इतका पुढे जात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधलं कलम 157 म्हणतं की अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरावी. लिहिलेलं खरं धरा, एवढंच त्यात आहे. न लिहिलेलं खोटं धरा असं तिथे कुठेही नाही.

जाणकार इथे हरकत घेतील की क्लार्क यांनी नियमांची ‘पूर्ती’ करून ‘जर’चं ‘जर आणि फक्त जर’ केलं आहे, तेव्हा अपयशातून आलेला नकार ही रीतसर सिद्धताच आहे. बरोबर आहे, पण ती पूर्ती केलेल्या नियमांची सिद्धता. ‘फक्त’ हा दावा मूळ नोंदींत कुणीच केलेला नव्हता, तो बाहेरून आला. मीमांसक कुमारिल भट्टांनी अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न आढळण्याला, स्वतंत्र प्रमाण मानलं, तेव्हा तिला अट जोडलेली होती: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही, यावरून घागर नाही असं ठरत नाही. क्लार्क यांच्या पूर्तीला मी हीच अट लावीन, आणि तीही सरसकट नाही, प्रत्येक संबंधासाठी वेगळी. गावातल्या गटांची यादी बंदिस्त धरायला माझी हरकत नाही. पेऱ्याची यादी मुदत चालू असताना तरी उघडीच धरली पाहिजे.

दुसरी हरकत व्यवहाराची, आणि ती जास्त वजनदार आहे: कार्यालयाला कधीतरी निर्णय घ्यावाच लागतो, ‘माहीत नाही’ किती दिवस म्हणायचं? यावर 1991 साली मायकेल गेल्फाँड आणि व्लादिमिर लिफशिट्झ यांनी दोन नकार वेगळे ठेवण्याची सोय मांडली: एक ‘सिद्ध होत नाही’चा, दुसरा ‘नाही हे सिद्ध आहे’चा. जॉन मॅकार्थींचं शाळेच्या बसचं उदाहरण त्यांनी यासाठी घेतलं. गाडी येत असल्याची माहिती नाही, एवढ्यावर बसने रूळ ओलांडावेत का? नाही, गाडी येत नाही हे कळलेलं हवं. आपल्या नियमांतही तसंच लिहिता येईल. नोंद सापडत नसेल तर गट पाहणीच्या यादीत जाईल. पेरा नाही असं कुणी जाऊन पाहून लिहिलं असेल, तरच पड. निर्णय दोन्हीकडे होतो, पण पहिल्या नियमाची चूक एका फेरीत दुरुस्त होते आणि दुसऱ्याला पुरावा लागतो.

वाचकाच्या प्रश्नाचा एक धागा उरला. ‘कोणत्या गटांत कापूस नाही?’ असं थेट विचारलं की प्रोलॉग एकाही गटाचं नाव देत नाही, कारण कुठेतरी कापूस सापडताच सगळा नकार कोसळतो. आधी गट निवडू द्या, मग त्या गटापुरता नकार विचारा. क्रम बदलला की उत्तरं येतात. स्थिर प्रतिमानं पुढच्या आठवड्यात. तोवर हे दोन नियम शेजारी लिहून पाहा: तूर नसेल तर कापूस, कापूस नसेल तर तूर.