हिशेबात न धरलेला सामना

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला एक खोड जडते. जे घडलं ते वहीत उतरलंच पाहिजे. उतरलं नाही तर घडलंच नाही! माझ्या या खोडीला पहिला धक्का बसला तो सुरगाण्यात.

१९९१ साली माझी तिथल्या शाखेत बदली झाली होती. सुरगाणा म्हणजे १९४८ साली विलीन झालेलं एक चिमुकलं संस्थान. डोंगर, नागली आणि पाऊस. जवळच्या दोन पाड्यांत ओहोळाच्या पाण्यावरून दोन वर्षं भांडण चाललं होतं. काठ्या निघाल्या, डोकी फुटली. अखेर पंचांनी ते मिटवलं, आणि शाळेच्या गुरुजींनी दोन्ही पाड्यांच्या पोरांचा फुटबॉलचा सामना लावला. अनवाणी पाय, गुडघाभर चिखल, बांबूचे खांब. सामना संपल्यावर मी सवयीनं विचारलं, "गुरुजी, कोण जिंकलं?"

"मोजलंच नाही, साहेब. गोल मोजले तर पुन्हा भांडण मांडावं लागेल."

पुढे वाचनात आलं, की हीच गोष्ट फार मोठ्या मैदानांवर घडून गेली होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४५-४६ मध्ये ब्रिटनमध्ये 'विजय सामने' झाले. १३ एप्रिल १९४६ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला १,३९,४६८ माणसं लोटली. अखेरच्या क्षणी डिलेनीनं गोल केला आणि स्कॉटलंड १-० असं जिंकलं. मात्र हे सामने अधिकृत धरले गेले नाहीत. देशासाठी खेळल्याची खूण म्हणून तिथे खेळाडूला टोपी देतात; तीही या सामन्यांसाठी नव्हती.

त्या दिवशी इंग्लंडच्या डाव्या बगलेवर होता डेनिस कॉम्प्टन. हो, आपल्या माहितीचाच! युद्धात महूच्या लष्करी छावणीत असताना सी. के. नायडूंच्या होळकर संघाकडून खेळणारा. मार्च १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात, मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यानं नाबाद २४९ धावा केल्या होत्या. होळकर संघ हरला, पण त्या धावा आजही नोंदीत आहेत. युद्धकाळात आणि या विजय सामन्यांत मिळून तो इंग्लंडकडून बारा वेळा फुटबॉल खेळला. अधिकृत हिशेबात त्याचे सामने किती? शून्य.

मला वाटतं, गुरुजींचं खरं होतं. युद्ध संपल्याच्या आनंदात कुणी किती गोल केले, हे विसरलं तरी चालतं. पण सहा वर्षांचं तारुण्य युद्धाला देऊन जे मैदानावर परतले, त्यांची नावं मात्र वहीत हवीत.

सुरगाण्याच्या त्या सामन्यात गोल किती झाले, हे मला आता जाणून घ्यायचं नाही. पण त्या पोरांची नावं विचारायची राहून गेली. ही बाकी माझ्या नावे निघते.