संगणकावरचा कारागीर : माडीवरून चालणारा अ‍ॅपचा धंदा

आमच्या पुतण्याने पुण्यातील पगाराची नोकरी सोडून मांडवगण फराट्याला परत यायचे ठरवले, तेव्हा घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही. उसाच्या गावात हा कोणता धंदा करणार? तो म्हणाला, "चाचा, मी कारागीर आहे. माझा माग या डब्यात आहे." डबा म्हणजे लॅपटॉप. मोबाईलवर व संगणकावर चालणारी अ‍ॅप स्वतः बनवायची, स्वतः विकायची, डोक्यावर साहेब नाही, असा हा धंदा. आमच्या कापड दुकानाच्या माडीवर त्याचे दुसरे वर्ष चालू आहे. आता अनेक घरांतील मुले हीच भाषा बोलू लागली आहेत, म्हणून आम्ही जे पाहिले ते व्यापारी बांधवांपुढे ठेवतो.

आपल्या मुलखात याचा दाखला आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. १९९० साली त्यांनी १५,००० रुपयांवर पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतील व्हायरस साफ करणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला व १९९५ च्या सुमारास तो 'क्विक हील' या नावाने बाजारात आला. एका भावाने माल घडवला, दुसऱ्याने विकला. २०१६ साली कंपनी शेअर बाजारात गेली. लोक हा शेवट सांगतात. सुरुवातीला घर दुरुस्तीच्या कमाईवर चालले, हे कोणी सांगत नाही. अलवरचे शिक्षक इम्रान खान यांनी स्वतः शिकून विद्यार्थ्यांसाठी पन्नासहून अधिक अ‍ॅप केली. नोव्हेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी लंडनच्या वेंब्ली मैदानावर त्यांचे नाव घेतले. ती अ‍ॅप मोफत होती, रोजी शाळेच्या पगाराची.

पुतण्याचा पहिला माल शिंपी बांधवांसाठी होता : मापाची वही. गिऱ्हाईकाचे नाव टाकले की छाती, कंबर, बाही सारे समोर. अ‍ॅप महिन्याभरात तयार झाले, पण दुकानात मांडायला त्याहून जास्त दिवस गेले. हे दुकान म्हणजे गुगलचे 'प्ले स्टोअर'. नोंदणीचे एकदाच २५ डॉलर. (अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९.) शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये नव्या वैयक्तिक खातेदारांसाठी अट आली की, आधी २० माणसांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावे. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ झाली. पुतण्याने मांडवगण, शिरूर, दौंड येथील बारा जण जमवले. नवव्या दिवशी एकाने मोबाईल लग्नाच्या व्हिडिओंनी भरला म्हणून अ‍ॅप काढून टाकले, चाचणीतूनही बाहेर पडला. पुन्हा एकपासून मोजणी!

विक्रीतला वाटा वेगळाच. पूर्वी १०० रुपयांतले ३० दुकानमालकाचे. छोट्या धंदेवाल्यांसाठी २०२१ मध्ये ते १५ वर आले. एवढी अडत आम्ही जन्मात कोणाला दिली नाही. मात्र गिऱ्हाईकही तोच आणतो, हे कबूल केले पाहिजे. १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादात गुगलने नोकरी, शादी डॉट कॉम अशी नामांकित अ‍ॅप काढून टाकली. सरकार मध्ये पडल्यावर ती परत आली. माडीवरच्या पोरासाठी कोण मध्ये पडणार?

म्हणून दुसरा माल त्याने संगणकासाठी केला : कापड दुकानाच्या बिलाचा व उधारीचा प्रोग्राम. इंटरनेटविना चालतो, पेनड्राइव्हवर नेऊन देता येतो, पैसे यूपीआयने सरळ हातात. येथे अडत नाही, पण नक्कल आहे. एकाने घेतलेला प्रोग्राम चार दुकानांत पोचला.

येथे आम्हाला आमचेही सांगणे भाग आहे. आमच्या दुकानात हिशेबाचा प्रोग्राम अकरा वर्षे चोरीच्या प्रतीवर चालला. मित्राने सीडी दिली, आम्ही चहा पाजला, विषय संपला. उर्दू वाचणाऱ्यांना इनपेज माहीत आहे. १९९४ साली दिल्लीत निघालेला हा प्रोग्राम उर्दू छपाईत घरोघर गेला, आणि त्याच्या फुकटच्या प्रती किती फिरल्या तेही माहीत आहे. कोणी न विचारता थानातून मीटरभर कापड कापून नेले तर आपण गल्ली डोक्यावर घेऊ. प्रोग्रामच्या चोरीत थान जसेच्या तसे राहते, म्हणून ती चोरी वाटत नाही.

गेल्या रमजानच्या शेवटच्या आठवड्यात दौंडच्या एका शिंप्याने मोबाईल बदलला आणि दोनशे गिऱ्हाईकांची मापे दिसेनाशी झाली. ईदचे कपडे अर्धवट कापलेले. पुतण्या तरावीहनंतर मोटारसायकलवर निघाला, सहेरीला परतला. जुन्या मोबाईलमधून मापे निघाली. चूक त्याचीच होती, मापांची दुसरी प्रत आपोआप ठेवण्याची सोय त्याने केलीच नव्हती. नोकरीत अशी चूक कंपनीची असते. येथे वर्षाच्या सहाशे रुपयांत पेट्रोलही आपलेच.

चांगल्या महिन्यात त्याला जुन्या पगाराच्या निम्मे सुटतात. उरलेले तो पुण्याच्या कंपन्यांचे जॉबवर्क करून भरून काढतो.

या महिन्यात आम्ही हिशेबाच्या प्रोग्रामचे रीतसर पैसे भरले. जुनी प्रत काढून नवी बसवायला पुतण्यालाच खाली बोलावले. काम झाल्यावर त्याने हात पुढे केला : "चाचा, दोनशे रुपये मजुरी." आम्ही दीडशेवर आणायचा प्रयत्न केला. तो ऐकला नाही.